यंत्रमानवाच्या मापात बाईचा हात

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आज एखाद्या मोठ्या कारखान्यात आपण गेलात, तर वेल्डिंगच्या ठिणग्यांआड पिवळ्या नाहीतर नारिंगी रंगाचा एक यांत्रिक हात वळताना दिसण्याचा संभव बराच आहे. असे हात बसवणे आणि त्यांना काम शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात स्त्रीला येणाऱ्या अडचणींविषयी बोलताना मी सुरुवात एका साध्या वस्तूपासून करणार आहे.

रोबोला, म्हणजे या यांत्रिक हाताला, हालचाली शिकवण्यासाठी ‘टीच पेंडंट’ नावाचे एक उपकरण असते. ते एका हातावर पेलायचे आणि त्याच हाताच्या बोटांनी त्याच्या मागची कळ अर्धवट दाबून धरायची. कळ सोडली तर रोबो थांबतो आणि दचकून घट्ट आवळली तरीही थांबतो. ती मधल्या स्थितीत असेपर्यंतच तो हलतो. माणूस घाबरला की हात एकतर सुटतो किंवा आवळला जातो, हे ओळखून केलेली ही फार शहाणपणाची योजना आहे. परंतु मी काम शिकू लागले तेव्हा माझी बोटे त्या कळीपर्यंत जेमतेम पोचत, तासाभरात मनगट भरून येई, कळ निसटे आणि रोबो मध्येच उभा राही. ‘बाईचा हात आहे, सवय नाही,’ असे मागून कोणीतरी म्हणे, आणि खरे सांगायचे तर कितीतरी महिने मलाही तेच पटत होते. ते उपकरण माझ्याहून मोठ्या पंज्याचे माप धरून घडवले आहे, हे माझ्या लक्षात येण्यापूर्वी मी स्वतःलाच कमी लेखून बसले होते.

मोटारगाड्यांच्या बाबतीत या मापाचा परिणाम आकड्यांत मोजला गेला आहे. अपघाताच्या चाचण्यांत अनेक दशके सरासरी पुरुषाच्या बांध्याचा पुतळाच प्रामुख्याने वापरला गेला. पुढे २०११ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पट्टा बांधलेल्या चालक स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातील पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आढळली. आता कुंपणाशिवाय, माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे रोबो येत आहेत. अशा रोबोचा धक्का लागलाच तर तो किती जोराचा चालेल, याच्या मर्यादा २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानकात शरीरावरील २९ जागांसाठी दिल्या गेल्या. हे काम मोलाचेच आहे. पण मी पाहिलेल्या कारखान्यांत, जागेवरची सुरक्षा-चाचणी करताना, त्या रोबोशेजारी उद्या एखादी ठेंगणी किंवा गरोदर कामगार स्त्री उभी राहील, असे गृहीत धरलेले मला एकदाही दिसले नाही.

हाताप्रमाणेच चेहऱ्याचेही आहे. समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय रोबो माणसाशी नीट वागू शकत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधिकांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या, बाजारात असलेल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण एका टक्क्याच्याही आत होते, तर सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ते ३४ टक्क्यांच्या पुढे गेले. आपल्या पंचगंगेच्या काठच्या बायकांचे रंग डोळ्यांपुढे आणले, म्हणजे हा आकडा दूरदेशीचा वाटत नाही.

आणि रोबोलाच बाईचे रूप दिले तर काय होते? जर्मनीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच रोबोच्या डोक्याची दोन चित्रे लोकांना दाखवली गेली, एक लांब केसांचे आणि दुसरे आखूड केसांचे. लांब केसांच्या रोबोला लोकांनी घरकाम आणि शुश्रूषा यांसाठी योग्य ठरवले, तर आखूड केसांच्या रोबोला दुरुस्तीसारख्या तांत्रिक कामांसाठी. फरक होता तो केवळ केसांचा. म्हणूनच इस्रोने जानेवारी २०२० मध्ये गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेसाठी व्योममित्र ही स्त्रीरूपातील रोबो दाखवली, तेव्हा मला विशेष आनंद झाला. स्त्रीरूपातील यंत्राला स्वागतकक्षात न बसवता यानाच्या नियंत्रणफलकासमोर बसवण्याची ती कल्पना होती.

हे क्षेत्र पुरुषांनी उभारले आणि स्त्रिया मागाहून आल्या, असेही नाही. माणसाच्या चेहऱ्यावरील आणि आवाजातील भावना टिपून प्रतिसाद देणारा किस्मेत हा रोबो १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सिंथिया ब्रझील या संशोधिकेने घडवला. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे २००१ साली कोसळल्यावर ढिगाऱ्यात शोध घेण्यासाठी जे छोटे रोबो उतरवले गेले, त्या कामात रॉबिन मर्फी अग्रभागी होत्या.

आपल्याकडे अडचण बहुधा वेळेपासून सुरू होते. उत्पादन चालू असताना रोबो बसवता येत नाही. ते काम रात्री, सुट्टीच्या दिवशी किंवा दिवाळीत होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवण्यास मनाई केली होती. पुढे अटींसह सवलती आल्या, तरी ‘रात्री मुलगी कशाला?’ हा प्रश्न टिकून राहिला. मग रात्रीचे काम मुलगे शिकतात, आणि मुलीच्या वाट्याला दिवसा कागदपत्रे येतात. दोन वर्षांनी तिला अनुभव कमी आहे असे सांगितले जाते, आणि तोवर ते खरेही झालेले असते. इचलकरंजीत याची एक जुनी आठवण आहे. धोट्याच्या मागासाठी कांडी, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी, भरण्याचे काम कितीतरी घरांत बायकांच्या हाती होते. बिनधोट्याचे माग आले, त्यांना कांडी लागतच नाही, आणि नव्या मागांवर उभे राहण्यास त्या बायकांना कोणी बोलावले नाही.

मागे एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे कोअर (ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) उचलण्यासाठी आम्ही रोबो बसवत होतो. तीन दिवस दर दहा-बारा कोअरमागे एकाचा कोपरा तुटत होता. आम्ही वेग कमी केला, पकडीचा दाब कमी केला, सुपरवायझरला विचारले, आराखडे पुन्हा पाहिले. कोअर शॉपमध्ये वीस वर्षे काढलेली एक मावशी रोज डबा खाताना तिकडे पाहत बसत असे. तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, “ताई, त्याला म्हणावं कानाकडनं धरू नगंस, बुडातनं धर. कानाकडं वाळू कच्ची असती.” आम्ही ग्रिपरची, म्हणजे रोबोच्या पकडणाऱ्या पंज्याची, बोटे बदलून पकड खाली घेतली. त्या दिवशी पाळी संपेपर्यंत एकही कोअर तुटला नाही. दुसऱ्या दिवशी मी पेंडंट तिच्या हातात दिले. कळ कशी धरायची ते दाखवले, आणि तिचीही बोटे तिथवर पुरत नाहीत असे पाहून आम्ही दोघींनी मिळून ते टेबलावर टेकवून धरले.