एका शब्दाचा शोध: येरवडा ते मेहरौली

पुण्याच्या येरवडा तुरुंगाच्या भिंतींआड मे १९३० पासून महात्मा गांधी मिठाच्या सत्याग्रहातील राजबंदी होते आणि दर मंगळवारी, पहाटेची प्रार्थना आटोपल्यावर, साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रताविषयी पत्र लिहीत होते. सत्य, अहिंसा, अस्तेय यांवर त्यांनी सहज लिहिले. परधर्माविषयीच्या वृत्तीचे व्रत आले, तेव्हा मात्र लेखणी एका शब्दापाशी अडली.

तो शब्द होता ‘सहिष्णुता’. तो गांधीजींना रुचत नव्हता, कारण ज्याला आपण सहन करतो, तो आपल्याहून उणा आहे असे मनाशी आधीच धरलेले असते. साताऱ्यात जन्मलेले, आश्रमातील त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांनाही तो पटला नव्हता. त्यांनी ‘आदर’ हा शब्द सुचवला. त्यातही गांधीजींना उपकाराची छटा जाणवली, आणि अखेर या व्रताला ‘सर्वधर्मसमभाव’ हे नाव मिळाले.

या निवडीत मोठे धैर्य आहे असे आम्हांला वाटते, कारण समभाव मानणाऱ्याला आपला स्वतःचा धर्मही अपूर्ण असल्याचे कबूल करावे लागते. झाडाचा बुंधा एक आणि फांद्या अनेक, तसा मूळ धर्म एक असला तरी अपूर्ण माणसांच्या हाती येताना तो अनेक रूपे घेतो, अशी गांधीजींची मांडणी होती. म्हणूनच स्वतःला सनातनी हिंदू म्हणवणाऱ्या गांधीजींनी अस्पृश्यतेला धर्मात जागा नाकारली. राजकोटच्या घरी आजारी वडिलांची शुश्रूषा करताना जैन साधू, मुसलमान आणि पारशी स्नेही यांची धर्मचर्चा त्यांच्या कानांवर पडत असे. या विचाराचे बीज तिथले आहे.

त्याची खरी कसोटी दिल्लीत लागली. एप्रिल १९४७ मध्ये भंगी कॉलनीतील प्रार्थनासभेत कुराणातील आयतींना मोजक्या लोकांनी हरकत घेतली. बाकीची सभा ऐकायला तयार असूनही गांधीजींनी प्रार्थना थांबवली. हरकत घेणाऱ्यांना कोणी दटावून गप्प बसवावे, हे त्यांना मान्य नव्हते; आयती वगळून उरलेली प्रार्थना म्हणणेही त्यांना तितकेच अमान्य होते.

त्याच वर्षीच्या दंगलींत दिल्लीजवळच्या मेहरौली येथील सूफी संत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याची मोडतोड झाली. १३ जानेवारी १९४८ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, गांधीजी उपोषणाला बसले. दर्ग्याचा उरूस नेहमीप्रमाणे भरेल आणि मुसलमानांना दिल्लीत निर्भयपणे वावरता येईल, असे लेखी वचन हिंदू, शीख आणि मुसलमान प्रतिनिधींनी दिल्यावर १८ जानेवारीला त्यांनी उपोषण सोडले.

उरूस भरला. २७ जानेवारीला, उपोषणाचा अशक्तपणा अंगात असतानाच, गांधीजी स्वतः मेहरौलीला गेले आणि त्या दर्ग्यात जमलेल्या हिंदू, मुसलमान व शीख बांधवांशी बोलले. त्यानंतर तीनच दिवसांनी, सायंप्रार्थनेला जात असताना, त्यांची हत्या झाली.