ऑफ-ड्राय वाईन: घातलेली नाही, उरवलेली साखर

(टेबलावर पाण्याचे दोन ग्लास, साखरेचा डबा, एक लिंबू.)

वाईनवरचा व्हिडिओ आहे आणि समोर लिंबू, असं वाटलं ना? थांबा जरा. दोन्ही ग्लासांत 200 मिली साधं पाणी आहे. प्रत्येकात सपाट अर्धा चमचा साखर घालते, म्हणजे साधारण 2 ग्रॅम. ढवळलं. पहिला घोट... हं. गोड आहे, पण पांचट. आजारपणात ग्लुकोजचं पाणी देतात ना, तसं.

आता दुसऱ्यात अर्धं लिंबू पिळते. साखर तेवढीच आहे हं, वर एक कणही घातलेला नाही. (घोट घेते, डोळे बारीक करते.) हे आमच्या घरी कुणाला दिलं तर पहिलं वाक्य येईल, "अगं, साखर विसरलीस का?"

ऑफ-ड्राय, म्हणजे अगदी किंचित गोड, व्हाइट वाईनची सगळी गंमत या दुसऱ्या ग्लासात आहे. दोन्हींत साखरेचं प्रमाण लिटरला 10 ग्रॅम पडतं, आणि बऱ्याच ऑफ-ड्राय वाईनमध्ये ते याच्याच आसपास असतं. युरोपच्या नियमांत लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर असली की वाईन ड्राय. पण आंबटपणा पुरेसा असेल तर 9 ग्रॅमपर्यंतही ड्रायच म्हणता येतं. त्याच्या वरची पायरी 12 पर्यंत, आणि आंबटपणा चांगला असेल तर 18 पर्यंत. म्हणजे लिंबाचा हिशेब कायद्यातही धरलेला आहे.

'ड्राय' या शब्दाने फार घोळ घातलाय. रेड वाईन प्यायल्यावर जिभेला कोरड पडते ती टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतल्या तुरट घटकामुळे, त्याचा या ड्रायशी संबंध नाही. इथे ड्राय म्हणजे साखर संपलेली. आणि ऑफ-ड्राय म्हणजे थोडीशी राहिलेली. दुसरा घोळ वासाचा. ग्लासातून पिकलेल्या पेरूचा, अननसाचा वास आला की आपण पिण्याआधीच 'गोड आहे' ठरवून मोकळे होतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, मग बोलू.

उदाहरण आपल्या जवळचं घेऊ. द्राक्षाचं नाव शेनँ ब्लाँ. आपल्याकडे सर्रास चेनिन म्हणतात, मीही तेच म्हणणार. मूळ फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं. तिथल्या व्हूव्रे गावाच्या परिसरात याच एका द्राक्षापासून कोरडी, किंचित गोड आणि पार मधासारखी गोड, अशा सगळ्या वाईन होतात. हवा थंड, त्यामुळे आंबटपणा इतका टोकदार की थोडी साखर राहिली तर बरंच वाटतं.

नाशिकला प्रश्न नेमका उलटा. ऊन भरपूर, साखर पटापट भरते, आणि उन्हाबरोबर आंबटपणा मात्र उतरत जातो. आपल्याकडे वेल थंडीत झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पाऊस सरता सरता फळछाटणी. मग जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. रात्री गार असतात तोवर आंबटपणा टिकतो. मार्चचं ऊन चढलं की गेला. म्हणून मणी फोडून रसाचा थेंब ब्रिक्स मीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या यंत्रावर टाकणं जितकं महत्त्वाचं, तितकंच आंबटपणा मोजणं. ऑफ-ड्राय करायची असेल तर आंबटपणा जास्तच महत्त्वाचा, असं माझं मत. साखर मागे ठेवणं सोपं आहे, पण गेलेला आंबटपणा द्राक्षात परत येत नाही. नाशिकच्या सुला वाईनरीच्या 2000 मधल्या पहिल्या वाईनमध्ये चेनिन होतीच, आणि आज भारतात ऑफ-ड्राय म्हटलं की बहुतेकांच्या ओठावर हेच द्राक्ष येतं.

आता टाकीत काय होतं ते बघू. रस 21 ब्रिक्सचा असला तर लिटरमागे अंदाजे 210 ग्रॅम साखर. साधारण 17 ग्रॅम साखरेतून 1 टक्का अल्कोहोल होतं. यीस्टला मोकळं सोडलं तर ती सगळी साखर खाऊन सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास थांबेल. वाईनमेकर तिला आधीच थांबवतो. कसं? इडलीचं पीठ फुगून वर यायला लागलं की आपण काय करतो? पातेलं उचलून फ्रीजमध्ये. तेच. स्टीलच्या टाकीला बाहेरून कवच असतं, त्यातून थंडगार द्रव फिरवतात. आंबवण चाललेलं असताना तापमान 12 ते 15 अंश असतं, ते शून्याच्या जवळ आणलं की यीस्ट सुस्तावते आणि तळाशी बसते. वरची वाईन काढून घेतात, उरलीसुरली यीस्ट आवरायला थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात.

पण पीठ फ्रीजबाहेर काढलं की परत फुगतं की नाही? इथेच खरी मेख आहे. म्हणून बाटलीत भरण्याआधी वाईन इतक्या बारीक फिल्टरमधून गाळतात की यीस्टची पेशी पलीकडे जाऊ नये. 0.45 मायक्रॉनची छिद्रं. ड्राय वाईनमध्ये यीस्टला खायलाच काही उरलेलं नसतं. इथे ताट वाढलेलं आहे, फक्त पाहुणा आत शिरता कामा नये. मागे एका छोट्या वाईनरीची बाटली घरी उघडली, तर झाकण निघताच सोड्यासारखा फुस्स आवाज. वाईन गढूळ, वर बुडबुडे, आणि गोडवा गायब. पाहुणा आत शिरला होता.

काही जण दुसरी वाट धरतात. वाईन पूर्ण ड्राय होऊ देतात आणि बाजूला राखून ठेवलेला द्राक्षाचाच रस शेवटी मिसळतात. जर्मनीत ही पद्धत रुळलेली आहे. मला थांबवलेली जास्त आवडते, पण डोळे मिटून ओळखता येईलच असा दावा नाही.

प्यायची कशी? 8 ते 10 अंशांवर. फार गार केली तर गोडवा दबतो, गरम झाली तर पहिल्या ग्लाससारखी पांचट लागते. बर्फ घालू नका. आमच्या आत्याने घातला होता, शेवटी तिला जे मिळालं ते पाणीच.

आणि सोबत तिखट हवं. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, साखर ती जरा आवरते. त्यामुळे 14 टक्क्यांच्या रेड वाईनबरोबर ठेचा म्हणजे स्वतःवर सूड. या वाईनबरोबर मात्र साबुदाणा वडा नि हिरवी चटणी, किंवा रवा लावून तळलेली सुरमई. वर लिंबू पिळायचीही गरज नाही, ते ग्लासात आहेच.

अरे, लिंबाचा ग्लास कुठे गेला? (कॅमेऱ्याच्या मागे बघते.) संपवला पण! पहिला मात्र आहे तसाच ठेवलाय.