बांध सरकला, तेव्हापासून

(दृश्य: सकाळचं शिवार. दोन शेतांमधला बांध. कॅमेरा जमिनीलगत, हळूहळू पुढे सरकतो.)

हा बांध नीट बघा. इथं, वाटेच्या टोकाला, बैल हाकत माणूस चालू शकेल एवढा तो रुंद आहे. निंबाच्या झाडापाशी जेमतेम पाऊल मावतं. विहिरीकडे गेलं की उरते गवताची एक रेघ.

शेतकरी म्हणतो, बांध कोरला. एका रात्रीत कुणी कोरत नाही. दर नांगरटीला फाळ चार बोटं आत जातो, आणि चार बोटांसाठी कुणी भांडत नाही. पण हिशेब मांडून बघा. 330 फूट लांबीचा बांध, जुन्या भाषेत दहा साखळ्या, सव्वातीन फुटांहून जरासा जास्त सरकला की गुंठाभर रान गेलं.

या बांधाच्या एका बाजूला एका काकूंचं पाऊण एकर आहे. काका गेल्यापासून त्या एकट्या कसतात. दुसऱ्या बाजूला त्यांचे चुलत दीर. नावं आम्ही सांगणार नाही, भावकी एकच आहे.

दीर म्हणतात, "वहिनी, बांध हुता तितंच हाय."

काकू म्हणतात, "भावजी, ह्यो निंब मामंजींनी आपल्या हद्दीत लावला. आता तुमची सरी त्याच्या बुंध्याला लागलीय."

(दृश्य: निंबाचा बुंधा. बुंध्यालगत ताजी नांगरट.)

गावानं काकूंना एकच सल्ला दिला: शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण उगाच पडलेली नाही. दिवाणी दावा म्हणजे आधी वकीलपत्र, मग समन्स, समोरच्याची कैफियत, मुद्दे, साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद. त्यानंतर हुकूमनामा. तो हातात पडला तरी ताबा आपोआप मिळत नाही, त्यासाठी पुन्हा दरखास्त. मध्येच पक्षकार वारला, तर वारसांची नावं लावण्यापासून सुरुवात. ज्यांनी हे सोसलं, त्यांनीच ही म्हण पुढच्या पिढीला दिली.

पण याच म्हणीनं कितीतरी माणसांची जमीन घालवली आहे, आणि ते कुणी सांगत नाही. कारण कायद्याला मुदत असते. समोरचा माणूस 12 वर्षं उघडपणे, मालक म्हणून, तुमच्या हक्काविरुद्ध जमीन वहिवाटत राहिला आणि तुम्ही दावा केला नाही, तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे ताबा मागण्याचा हक्क जातो. त्याच्याबरोबर मालकीही जाते. कुणी दांडगाईनं ताब्यातून हुसकावलं असेल, तर सहा महिन्यांच्या आत दावा केल्यास मालकी सिद्ध करावी लागत नाही, आधीचा ताबा दाखवला तरी पुरतं. सातव्या महिन्यात ही सोपी वाट बंद. भावकीत वाईटपणा नको म्हणून गप्प बसलेल्या माणसाची दिवाळीमागून दिवाळी जाते, आणि मुदत चालूच राहते.

मग काकूंनी थेट दावा करायचा का? आमचं मत, आधी मोजणी.

(दृश्य: काकूंच्या हातात प्लास्टिकची पिशवी. त्यात सातबारा, जुनी पावती, घडीवर फाटत आलेला नकाशा.)

काकू सातबारा पुढे करतात. "ह्यात लिवलंय की." सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, हद्द कुठून जाते ते नसतं. आणि सातबारा हा महसुली अभिलेख आहे. नुसत्या त्याच्या नोंदीनं मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. हद्दीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक जुन्या अभिलेखावरून हद्द दाखवतो आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. ती पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. हा कागद नसताना कोर्टात गेलेली माणसं वर्षानुवर्षं निंबाच्या झाडावरच वाद घालत बसतात.

सगळे वाद बांधाचे नसतात. शेताकडे जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर दिवाणी कोर्टाआधी तहसीलदार. त्याला हा अधिकार देणारा मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चा आहे, अजून रोज वापरात आहे, आणि तिथंही मुदत सहा महिनेच. हातउसने पैसे परत येत नसतील तर साधारण तीन वर्षं. त्या आधी समोरच्यानं कर्ज मान्य असल्याचं सहीनिशी लिहून दिलं, की तिथून मुदत नव्यानं मोजतात. म्हणून "देतो रे" या शब्दावर थांबू नका, दोन ओळी लिहून घ्या.

आणि बहिणींचा वाटा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. तरीही रक्षाबंधनाला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ताई, सही करण्याआधी तो कागद घरी आणा. एक रात्र जाऊ द्या.

(दृश्य: तालुका न्यायालयाचा व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं.)

दावा दाखल झाला म्हणजे तडजोड संपली असं नाही. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील राहत नाही. वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून काकू थांबल्या होत्या. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, हे त्यांना आजवर कुणीच सांगितलेलं नव्हतं.

वाईट बोलला, बारशाला बोलावलं नाही, एवढ्यासाठी दावा लावू नये. कोर्ट रुसवा काढत नाही. पण हद्द जात असेल आणि मोजणीत ती दिसत असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही.

(दृश्य: मोजणीचा दिवस. भूकरमापकाच्या हातात रोव्हरची, उपग्रहाच्या मदतीनं मोजणाऱ्या यंत्राची, काठी.)

खुणा निघाल्या. वाटेच्या टोकाला बांध जिथल्या तिथं आहे. निंब काकूंच्या हद्दीत, पुरा दीड हात आत. विहिरीपाशी जास्त. दीर बराच वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "ट्रॅक्टरवाल्यानं केलं आसंल."

काकू त्यावर उत्तर देत नाहीत. पंचनाम्यावर अंगठ्याऐवजी सही करतात, सावकाश, एकेक अक्षर जोडत. मग भूकरमापकाला विचारतात, "साहेब, 'क' प्रत कधी मिळंल?"