इनडोअर गणपती

(अमेरिकेतल्या मिनेसोटातील मराठी मंडळाच्या २०२५ च्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार. स्वयंपाकघरातून वड्यांचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे तुमचं अर्धं लक्ष कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मी बोलायला लागले की आमच्या घरी सगळे फोन काढतात. तुम्हीही काढा, मला सवय आहे.

पंचांगातली दिवाळी कधीच होऊन गेली. आपण ती आज करतोय, कारण हा हॉल आजच मिळाला. याचं आता कुणाला काही वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. पण ऑगस्टमध्ये आमच्या घरी एक भांडण झालं. तुम्हाला आठवत असेल, यंदा चतुर्थी आली बुधवारी, २७ ऑगस्टला, आणि आपण गणपती केला शनिवारी. तो शनिवार स्टेट फेअरचा, म्हणजे मिनेसोटाच्या मोठ्या वार्षिक जत्रेचा. सकाळी मी मोदकांची उकड काढतेय, तर लेक म्हणाली, आम्ही फेअरला चाललोय. मी जे काही बोलले ते इथे सांगत नाही, माइक चालू आहे. ती शांतपणे म्हणाली, "आई, तिथे त्याचं काहीतरी लावलंय. मंडळात त्याचं काय आहे?"

'त्याचं' म्हणजे माझ्या नातवाचं. त्याने बियांचं चित्र केलं होतं. फेअरच्या ॲग्रिकल्चर बिल्डिंगमधली अशा चित्रांची ती रांग तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, १९६५ पासून चालत आलेली. पाटीवर गोंद लावून चिमट्याने एकेक दाणा बसवायचा. रंग नैसर्गिक हवे असतील तर मोहरी काळी, जवस तपकिरी, मका पिवळा. मिनेसोटात पिकणारंच बी चालतं, त्यामुळे इंडियन ग्रोसरीतले माझे तीळ बाद झाले. जूनभर आमचं डायनिंग टेबल त्याच्या चित्रातल्या लून नावाच्या पाणपक्ष्याने अडवलं होतं. फोडणीला मोहरी घ्यायला जावं तर बरणी पक्ष्याच्या पंखाशी. अवाटोनाच्या लिलियन कोल्टन नावाच्या बाईंनी याच बियांतून माणसांचे हुबेहूब चेहरे काढले. बाई व्यवसायाने केस कापायच्या. म्हणजे कलाकार कुणी वेगळा नव्हताच, शेजारचाच होता.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी आपला फायबरचा बाप्पा प्लॅस्टिकच्या खोक्यात भरत होते. यंदा खोका ठेवायची पाळी आमच्याकडे आहे. बेसमेंटमध्ये, ख्रिसमस ट्रीच्या शेजारी. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून झालं होतं. नातू म्हणाला, "आजी, आपला गणपती इनडोअर आहे ना? शेजारच्या मांजरासारखा?"

मी हसले. मग हसू येईना.

कारण ज्या गावात आपण राहतो त्या गावाचा स्वभावच बाहेर पडण्याचा आहे. १८८५ साली न्यूयॉर्कच्या एका बातमीदाराने लिहिलं की सेंट पॉल म्हणजे दुसरा सैबेरिया, माणसाने राहण्याजोगा नाही. या लोकांनी काय करावं? १८८६ च्या हिवाळ्यात बर्फाचा महाल बांधला आणि कार्निव्हल सुरू केला. अजून चालू आहे. लाल कपड्यांतले व्हल्कन, म्हणजे अग्निदेवाची सोंगं, जुन्या आगीच्या बंबावरून येतात, लोकांच्या गालाला काजळी फासतात आणि थंडीच्या राजाला हाकलून लावतात. अहो, ही आपली धुळवडच की, फक्त शून्याखाली! पहिल्यांदा माझ्या गालाला काळं लागलं तेव्हा मी चिडले, आणि घरी आल्यावर ते पुसवेना.

आणि सार्वजनिक गणपती केव्हा सुरू झाला? १८९३. पुण्याची मंडळी लगेच भाऊ रंगारींचं १८९२ काढतील. तो वाद चहाच्या वेळी घालू. पण काढला तो घरातून चौकात, हे तर दोघांनाही मान्य आहे. आणि आपण एवढी वर्षं खपून काय केलं, तर चौकातला गणपती उचलून शाळेच्या कॅफेटेरियात आणून ठेवला. दार लावून. बाहेर पार्किंगमधून जाणाऱ्याला कळणारही नाही की आत आरती चालली आहे.

थंडीचं कारण सांगू नका. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, तेव्हा इथली हवा पुण्याहून बरी असते. आणि थंडीचंच म्हणाल तर १९९१ चं हॅलोवीन आठवा. जुन्या मंडळींना सांगायला नको. २८ इंचांवर बर्फ पडलं, दिवाळी तोंडावर आलेली, आणि शेजारची पोरं स्नोसूटवरून भुतांचे कपडे चढवून दारात हजर. आपण हल्ली सहा इंचांच्या अंदाजावर व्हॉट्सॲपवर कार्यक्रम रद्द करतो.

मिनिॲपोलिसच्या पॉवडरहॉर्न पार्कची मे डे परेड १९७५ साली सुरू झाली. माणसापेक्षा उंच बाहुल्या, कागदाच्या लगद्याचे मुखवटे. मला परेडपेक्षा तिची तयारी आवडते: आधीचे काही आठवडे कुणीही यावं, बाह्या सरसावून लगद्यात हात घालावा. मी गेले होते. एका अनोळखी माणसाबरोबर एका माशाचा कल्ला चिकटवला. त्याने माझं नाव विचारलं नाही, फक्त "इकडून धरा" म्हणाला.

आपल्याकडे मुलांनी काय धरायचं? खरं बोलायचं तर आपण त्यांना दोनच कामं ठेवली आहेत: स्टेजवर नाचायचं, नाहीतर खुर्चीत गप्प बसायचं. मखर ऑर्डर करून येतं. मोदक केटररचे. माझी उकड फुटते म्हणून कमिटीने मला कुपनांच्या टेबलावर बसवलं, ते योग्यच केलं. पण दहा वर्षांच्या पोराला फुटका मोदक तरी करू द्या! लेकीने विचारलं ते यासाठीच, आणि मला तेव्हा उत्तर आलं नाही. अजूनही नाही.

कमिटीवर राग नाही. या वर्षी ज्यांनी पहाटे उठून टेबलं लावली, त्यांना मी काय बोलणार. फेअरला २०१९ साली बारा दिवसांत २१ लाखांवर माणसं आली, त्यांच्याशी आपली बरोबरी नाही. पण तिथे ज्याने भोपळा वाढवला त्याचा भोपळा मांडलेला असतो, एवढंच मी बघते.

आता थोडं अवघड बोलते. आपण आत बसतो ते सोयीसाठी, की आणखी कशासाठी? आपले ढोल ग्रुपचे तरुण म्हणतात, काकू, रस्त्यावर वाजवू, काय होतंय. आणि त्यांचेच आईवडील मला बाजूला घेऊन म्हणतात, सध्याचे दिवस बघता नको. उगाच कुणाच्या नजरेत कशाला यायचं. मला दोघांचंही पटतं. ऐंशीच्या वर गेलेले एक काका तर म्हणाले, आम्ही आलो तेव्हा कुणाला आपण दिसतच नव्हतो, ते एक बरं होतं. हे ते गमतीने म्हणाले की खरंच, ते मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी चतुर्थी सोमवारी आहे, १४ सप्टेंबरला. फेअर तोवर संपलेला असेल. मी म्हणते, त्याच दिवशी, संध्याकाळी, एखाद्या पार्कात, मुलांनी स्वतः केलेला मातीचा गणपती. मी रिटायर्ड, मला काय जातंय बोलायला! परवानगीचा अर्ज मी आणून ठेवला आहे. नाव, पत्ता, वेळ, वाद्यं असणार का, सगळं भरलं. एका रकान्याशी पेन थांबलं आहे: किती लोक येतील? सोमवार आहे, मंडळी. काय आकडा लिहू?