दोन वर्षांचा पगार आणि एल मॉन्टेचा खटला

श्रोतेहो, नमस्कार.

परक्या देशात पोटासाठी गेलेल्या कामगाराची मजुरी मालकाने बुडवली, तर कायदा पुष्कळदा त्याच्या बाजूने असतो. घोडे अडते ते वकिलापाशी. ज्याच्या हाती मजुरीच पडलेली नाही, तो वकिलाची फी कोठून देणार? अमेरिकेत या अडचणीवर निघालेला एक मार्ग म्हणजे लोकहिताच्या वकिलीसाठी दिली जाणारी फेलोशिप. कायद्याची पदवी नुकतीच घेतलेला तरुण एखाद्या सेवाभावी संस्थेच्या साथीने आपल्या कामाचा आराखडा मांडतो, आणि तो पसंत पडला की त्याच्या दोन वर्षांच्या पगाराची सोय होते. पगार फेलोशिपचा, वकील मात्र कामगारांचा, एवढे ध्यानात ठेवावे. स्कॅडन या बड्या वकिली फर्मने १९८८ साली अशी फेलोशिप सुरू केली. तिच्या आधाराने लढला गेलेला एक खटला आज आपल्याला सांगायचा आहे.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला एल मॉन्टे नावाचे छोटे शहर आहे. २ ऑगस्ट १९९५ रोजी पहाटे तेथील एका निवासी संकुलावर सरकारी पथकाने छापा घातला, तेव्हा आत ७२ थाई कामगार सापडले आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. चांगल्या कमाईचे आमिष दाखवून त्यांना आणले होते. भोवती काटेरी तारांचे कुंपण होते, खिडक्या झाकलेल्या होत्या, पहारेकरी होते. जेथे झोपायचे तेथेच शिवणयंत्रावर दिवसाचे सोळा-सतरा तास कपडे शिवायचे. प्रवासखर्चाचे म्हणून डोक्यावर कर्ज होते, आणि साबण, टूथपेस्ट असल्या रोजच्या वस्तूही मालकांकडूनच, बाजारभावाच्या कितीतरी पटीने घ्याव्या लागत. घरी लिहिलेली पत्रेसुद्धा आधी मालक वाचत.

छाप्याने त्यांची सुटका झाली असे आपल्याला वाटेल, पण तसे झाले नाही. व्हिसा नाही म्हणून इमिग्रेशन खात्याने त्यांना पुन्हा कोठडीत ठेवले. त्या वेळी लॉस एंजेलिसमधल्या आशियाई वंशाच्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका कायदेविषयक संस्थेत ज्युली सू ही २६ वर्षांची वकील स्कॅडन फेलोशिपवर काम करत होती. चिनी स्थलांतरित आईवडिलांची ही मुलगी हार्वर्डमधून १९९४ साली पदवी घेऊन बाहेर पडली होती. तिला थाई भाषा येत नव्हती. थाई समाजातल्या कार्यकर्त्यांनी दुभाष्याचे काम केले. तिने आणि या कार्यकर्त्यांनी कोठडीचे खेटे घातले, अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवला, आणि आठवडा उलटून गेल्यावर कामगार खरोखर बाहेर आले.

खरा पेच त्यानंतरचा होता. कोंडून ठेवणाऱ्यांना फौजदारी शिक्षा झाली, पण इतक्या वर्षांची मजुरी द्यायची कोणी? ज्युली सू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवाणी दाव्यात केवळ मालकांना नव्हे, तर ज्यांचे कपडे तेथे शिवले जात होते त्या नामांकित कंपन्यांना आणि दुकानांनाही प्रतिवादी केले. कंपन्यांचे म्हणणे असे की, आम्ही कंत्राटदाराला काम दिले, पुढचे आम्हाला ठाऊक नाही. माल लॉस एंजेलिसमधल्या ज्या उघड कारखान्यातून पोहोचता होत असे, तेथे लॅटिनो कामगार बटणे लावणे, इस्त्री करणे अशी शेवटची कामे करत. मग एवढे कपडे इतक्या थोड्या मुदतीत शिवत कोण होते, हा साधा प्रश्न तपासणीला येणाऱ्या कोणालाही पडायला हवा होता, असा वकिलांचा मुद्दा होता. दावा प्रथमदर्शनी फेटाळण्यास संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश ऑड्री कॉलिन्स यांनी नकार दिला. त्या उघड कारखान्यातले लॅटिनो कामगारही दाव्यात सामील झाले, आणि तडजोडींतून सर्वांना मिळून ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

येथे एक सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवणकामाला सरकारी कागदपत्रांत आणि अर्थशास्त्रज्ञांच्या बोलण्यात कमी कौशल्याचे काम म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. ज्यांनी घरच्या मशीनवर एकदा तरी कॉलर नीट बसवून पाहिली असेल, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता हे काम फेलोशिपवरच का अवलंबून राहिले? अमेरिकेत गरिबांना कायदेविषयक मदत देण्यासाठी १९७४ साली स्थापन झालेली व्यवस्था आहे. पण तिचे अनुदान घेणाऱ्या कार्यालयांना, काही अपवाद वगळता, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांचे खटले घेता येत नाहीत, आणि १९९६ पासून सामूहिक दावेही लढवता येत नाहीत. किमान वेतनाचा कायदा मात्र त्या कामगारांनाही लागू असतो. म्हणजे हक्क आहे, पण तो मागायला वकील नाही. पुन्हा सांगतो, हक्क आहे, वकील नाही. आणि ही जागा फेलोशिपचा पगार काही प्रमाणात भरून काढतो. माझ्या मते दोन वर्षे फार थोडी आहेत. असे दावे वर्षानुवर्षे चालतात, एल मॉन्टेच्या तडजोडीही १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालल्या होत्या.

ज्युली सू फेलोशिप संपल्यावरही त्याच संस्थेत राहिल्या. २०११ साली त्या कॅलिफोर्नियाच्या कामगार आयुक्त झाल्या, म्हणजे बुडालेल्या मजुरीच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुख. २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत अमेरिकेच्या कामगार खात्याचा कार्यभार त्यांच्याकडे होता. दरम्यान कॅलिफोर्नियाने १९९९ साली वस्त्रोद्योगातल्या मजुरीच्या हमीचा कायदा केला, आणि २०२१ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या कायद्याने ती जबाबदारी कपडे बनवून घेणाऱ्या ब्रँडपर्यंत नेली. आपल्याकडेही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मुख्य मालकाने भरावी, अशी तरतूद करण्यात आली होती. ज्या श्रोत्यांची मुले कायद्याचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी ही दोन्ही कलमे त्यांच्याकडून शेजारी शेजारी ठेवून वाचून घ्यावीत. नमस्कार.