टाकसाळीचं दार

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय विनिमय दर, म्हणजे आपल्या चलनाचा परक्या चलनातला भाव. पण आधी १५ डिसेंबर १९२५ या दिवशी जाऊ या. भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष होती. रुपयावरच्या प्रबंधाला लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळून दोन वर्षं झाली होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे गुरू एडविन कॅनन. पैशाचं मोल टिकवायचं तर त्याची संख्या आवरा, असं म्हणणारे. गंमत अशी, की शिष्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना गुरूंनी मोकळेपणाने सांगून टाकलं : यातले बरेच युक्तिवाद मला पटत नाहीत, काही घाव मात्र अचूक बसले आहेत!

आयोगापुढे संख्येचाच धडा कामी आला. टाकसाळ म्हणजे नाणी पाडण्याचा कारखाना. पूर्वी लोक चांदी नेऊन तिथे रुपये पाडून घेत. १८९३ साली ती लोकांना बंद झाली, सरकारला मात्र खुली राहिली. पुन्हा सांगतो, लोकांना बंद, सरकारला खुली. रुपयात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे साधारण पावणेअकरा ग्रॅम, आणि एरवी नाण्याचं मोल त्या चांदीहून जास्त. म्हणजे नाणं पाडलं की सरकारला नफा. नफा आहे म्हणून नाणी वाढतात, नाणी वाढली की भाव चढतात. बाबासाहेब म्हणाले, टाकसाळ सरकारलाही बंद करा. सोन्याचं नाणं पाडा, त्याचं रुपयाशी प्रमाण कायद्याने बांधा. एकाच्या बदल्यात दुसरं देण्याची सक्ती नको, पण दोन्ही कितीही रकमेला चालली पाहिजेत. सरकारवर एवढा अविश्वास का? बँकेने भरमसाट नोटा काढल्या तर तिचंच दिवाळं निघतं. सरकारी अंमलदार चुकला तर त्याच्या खिशातून दमडी जात नाही.

आता, कायद्याने चालणारं नाणं म्हटलं, की दहाचं नाणं परत करणारे दुकानदार आठवतात. सुट्ट्यांच्या नावाने चॉकलेट हातावर टेकवतील, पण नाणं नको! असो.

तर विनिमय दर. ब्रिटिश पौंडाचे तेव्हा २४० पेन्स. रुपया १६ पेन्सचा धरला तर पौंडाला १५ रुपये. १८ पेन्सचा धरला तर १३ रुपये ५ आणे ४ पै. मुंबईच्या गिरणीवाल्यांना १६ हवे होते, कारण परदेशी विकलेल्या मालाला मिळणाऱ्या प्रत्येक पौंडामागे जास्त रुपये. बाबासाहेबांचं उत्तर असं, की हा फायदा बाहेरून येत नाही. भाव चढतात, मजुरी मागे राहते. एका वर्गाचा फायदा दुसऱ्याच्या ताटातून जातो.

आयोगाने सोन्याचं नाणं नाकारलं. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सचा दर ठरला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोनं सोडलं, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरावीक सोनं देणं थांबवलं, तेव्हाही रुपया त्याच १८ पेन्सला स्टर्लिंगशी, म्हणजे ब्रिटिश पौंडाशी, बांधलेला राहिला.