पाय वाकडा, पण कधीपासून?

मागं बसलेले पुढं या की, पंखे सगळे पुढंच आहेत. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, मी रेकॉर्ड रूमचा माणूस. वीसेक वर्षं फायली वाचतोय, आणि डॉक्टरांचं अक्षर लागतं हीच माझी खरी डिग्री. आज बघायचं हातापायाच्या वाकडेपणाचं कोडिंग, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या दुखण्याला आयसीडी या आजारांच्या जागतिक यादीतला नंबर देणं; ते करतो तो कोडर.

एक केस सांगतो, हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका. सोलापूरच्या पूर्व भागातली पन्नाशीची बाई, बिड्या वळणारी. उजवा पाय बारीक, पाऊल आत वळलेलं, टाच टेकत नाही. नवीन इंटर्न पोरगं विचारतंय कधीपासून, बाई म्हणते, लहानपणापासूनच आहे की वो. घरात तेलुगू बोलणारी बाई, मराठी कामापुरतं, ती तेवढंच बोलणार. पोरानं फाइलवर लिहिलं कंजेनिटल. झालं, कोडरनं त्यावरून क्यू ६६.० टाकला, म्हणजे जन्मजात क्लबफूट. त्याची चूक नाही, जे लिहिलंय तेच तो टाकणार. आणि त्याच फाइलमध्ये तीन पानं पुढं सिस्टरनं लिहून ठेवलेलं, दोन वर्षांची असताना ताप आला, त्यानंतर पाय लुळा पडला.

आता सांगा, हे जन्मजात आहे का? पोलिओचं दुखणं हो हे. आपल्या बोलण्यात लहानपणापासून म्हणजे आठवतंय तेव्हापासून, जन्मापासून नव्हे, पण कागदावर जाताना दोन्हींचा एकच शब्द होतो आणि सगळा घोळ तिथंच होतो. डॉक्टरांना कागद दाखवला, त्यांनी नोंद दुरुस्त केली, मग कोड झाला एम २१.५, नंतर आलेला क्लबफूट, आणि जोडीला बी ९१, म्हणजे पोलिओचे मागं राहिलेले परिणाम. क्रम लक्षात ठेवा, आज जे दिसतंय ते आधी, ते कशानं झालं ते मागून. देशातली शेवटची जंगली, म्हणजे लसीतून न आलेल्या, पोलिओची केस जानेवारी २०११ मधली, २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं, म्हणून आताच्या पोरांनी नवा पोलिओ बघितलाच नाही, त्यांच्या डोक्यात तो येतच नाही. पण साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकात जन्मलेली माणसं अजून आपल्याच ओपीडीच्या रांगेत उभी आहेत ना.

पुस्तकातलं पटकन सांगतो. आयसीडी-१० मध्ये एम २० म्हणजे हातापायाच्या बोटांचं नंतर आलेलं वाकडेपण, एम २१ म्हणजे बाकी हातापायांचं. जन्मजात असेल तर क्यू चा धडा, अवयव कापलाच असेल तर झेड ८९. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झालंय, पण तुमच्यापैकी निम्मी पोरं अमेरिकेच्या फायली करणार, तिथं अजून आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आयसीडी-१० ची त्यांची स्वतःची आवृत्ती चालते, आणि तिथं बाजू सांगावीच लागते. फूट ड्रॉप, म्हणजे पाऊल वर उचलता न येणं, उजवा एम २१.३७१, डावा ३७२, बाजू लिहिलीच नसेल तर ३७९, आणि हा ३७९ बघितला की विम्याचा क्लेम तपासणारा भुवया वर करतो. माणसाला पाय दोनच आहेत बे, कुठला ते लिहायला काय जातंय?

आता बोटं. सोलापुरात मागावर काम केलेल्या माणसाची बोटं बघा, कुणाला धोटा उडून लागलेला, कुणाचा हात पट्ट्यात गेलेला. केसपेपरवर काय असतं, फिंगर डिफॉर्मिटी. अरे पण कसली? टोकाचाच सांधा खाली पडलाय तर तो मॅलेट फिंगर. मधला सांधा वाकून बसलाय आणि टोक वर गेलंय तर बुटोनियर. मधला उलटा मागं आणि टोक खाली तर स्वॉन नेक. अमेरिकन पद्धतीत तिघांचे कोड वेगळे, आणि नुसतं डिफॉर्मिटी लिहिलं तर कोडरच्या हाती एम २०.००, म्हणजे काहीतरी वाकडं आहे एवढंच. शिवाय जुनी जखम तुटलेल्या टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची असेल तर मूळ आयसीडीत टी ९२.५ जोडायचा, हात चिरडला असेल तर टी ९२.६. कारखानदाराकडं भरपाई मागायला गेलेल्या माणसाला हे दोन आकडे पैसे मिळवून देत नाहीत, पण जखम मागावरची आहे हे फाइलमध्ये कुठंच नसेल तर तो कशाच्या जोरावर भांडणार?

पंज्यासारखा झालेला हात, क्लॉ हँड, त्याचंही असंच. कुष्ठरोगातून बरा झालेला असेल तर बी ९२ जोडायचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हा वेगळा प्रकार धरलाय, एकवीसपैकी एक. दिव्यांगत्वाचे टक्के मेडिकल बोर्डच ठरवतं, सवलतींसाठीची ४० टक्क्यांची रेषही तेच बघतं, पण बोर्डापुढं कागद आपलाच जातो. लोक लाजतात, कारण सांगत नाहीत, डॉक्टरपण दारात गर्दी असताना खोदून विचारत नाहीत. मला दोघांचंही कळतं.

व्हॅल्गस-व्हॅरसचा गोंधळ मी स्वतः दोन वर्षं केला. गुडघे एकमेकांना घासतात ते व्हॅल्गस, दोन्ही गुडघ्यांमधून उशी निघून जाईल ते व्हॅरस, एवढं ध्यानात ठेवा. आणि पाय आखूड असेल तर किती सेंटिमीटर ते लिहून घ्या, नुसतं शॉर्ट लेग नको. मांडीचं हाड आखूड की नडगीचं, सीएममध्ये त्याचेही कोड वेगळे.

हां, विचारा. डॉक्टर चिडले तर? चिडतात. पण कोडरनं मनानं काही टाकायचं नाही, एक्स-रे बघून तर नाहीच नाही, निदान डॉक्टरांचंच. लेखी प्रश्न पाठवायचा, आणि त्यात उत्तर सुचवायचं नाही. पोलिओ आहे ना सर, असं नको. पायाचा त्रास कधी सुरू झाला आणि कशामुळं, एवढंच. मी तर राऊंड संपल्यावर चहाच्या वेळी फाइल घेऊन जायचो, कप हातात असला की माणूस सही नीट करतो.

त्या बाईच्या फाइलवर सही घ्यायला मला तीन चहा लागले.